बालदी

२० जुलै २०२५
मयूरीचा नाशिकहून फोन. शाळेत प्रकल्प आहे – घरातले वीस शब्द आणि ते कुठून आले. आजोबा मराठीचे मास्तर, मग काय! दुपारभर शब्दकोश घेऊन बसलो. ‘बादली’पाशी अडलो. मूळ पोर्तुगीज. आधी बालदी, मग अक्षरांची अदलाबदल होऊन बादली.

म्हणजे माझी आई, बायको प्रमिला, सगळी गल्ली म्हणते तो उच्चार जुना. मी चौतीस वर्षं फळ्यावर खोडला तो. मयूरी तर बकेट म्हणते.

२१ जुलै
चहाच्या वेळी प्रमिलाला म्हणालो, तुझंच बरोबर होतं.
“काय बरोबर?”
बालदी.
“आते काय त्यानं,” म्हणाली आणि कप उचलून गेली.

२४ जुलै
लिहूनच टाकतो. एक्क्याण्णवचा श्रावण. आमच्याकडे कानबाई, आमची खानदेशातली देवी, बसली होती. मी नवा मास्तर, शाळेतली मंडळी हौसेनं बोलावलेली. प्रमिलानं अहिराणी गाणं धरलं. तिचा आवाज सगळ्या प्रकाशा गावात नावाजलेला, माहेरहून गाणी घेऊन आलेली –

बालदी भरसू, अंगन शिपसू, मायबाई उनी वं... (भरीन, अंगण शिंपीन, मायबाई आली गं.)

मी वर्गात करतो तसं बोट वर केलं. “बालदी नाही, बादली!” मंडळी हसली. मीही हसलो. तिनं ओळ पुरी केली नाही. पुढच्या वर्षापासून आमच्या कानबाईला शेजारची रेवाबाई गाते. प्रमिला रोट भाजते, पाहुण्यांना पाणी देते, गात नाही. संसारात गाणी विसरली असेल, अशी मी स्वतःची समजूत घालत आलो. माफी मागायचं एकदाही सुचलं नाही. लाज वाटते.

३ ऑगस्ट, रविवार
कानबाई बसली. ठरवलं होतं तसं सगळ्यांदेखत म्हणालो, यंदा तू म्हण.
तिनं पदर सारखा केला. “माले नई येत.”
बायकांनी एकमेकींकडे पाहिलं. रेवाबाई पदराआड हसली. का, ते कळलं नाही.

४ ऑगस्ट
कानबाई विसर्जनाला नदीवर निघाली की मी घरी पेपर वाचत बसतो. दरवर्षीचंच. आज कापराची डबी ओट्यावर राहिलेली दिसली, म्हणून घेऊन मागोमाग गेलो.

घाटाच्या वरच्या पायरीवरच आवाज ऐकू आला. प्रमिलाचा! मोकळा, खणखणीत. ती ओळ सोडत होती, पंधरा-वीस बायका मागून धरत होत्या. बालदी भरसू... तीच ओळ. मी डबी हातात घेऊन तिथंच उभा. डोळे भरून आले.

रेवाबाई मला पाहून वर आली. “गुरुजी, त्या तं दरसाल म्हनतस. तुम्हले माहीत नई?”

चौतीस वर्षं. सगळ्या गावाला माहीत. माझ्या घरापासून तापी दहा मिनिटांवर.

तेवढ्यात प्रमिलानं मान वळवली. मला पाहिलं. ती गाता गाता मधेच थांबली. बायकांनी गाणं पुढं नेलं. मी डबी रेवाबाईकडे दिली आणि परत आलो.

५ ऑगस्ट
सकाळी चहा ठेवताना, माझ्याकडे न बघता – “पुढला साल बी येशात का नदीवर?”
नाही म्हणालो. गुडघे दुखतात.
बरं म्हणाली. साखर जरा जास्तच घातली आज.
माझे गुडघे ठणठणीत आहेत.