अण्णांच्या तोंडचं वाक्य

देवास,
११ फेब्रुवारी २०२४

चि. उर्वशी,

आशीर्वाद. धारला तुम्ही सगळे बरे असाल. गुडघे सोडले तर मीही बरी आहे. तुला मराठी वाचायला वेळ लागतो, म्हणून अक्षर मोठं काढलंय.

अण्णांना जाऊन महिना झाला, तरी माणसं येतात. काल अमझेऱ्याचे एक म्हातारे बासरीवाले आले. म्हणाले, "माई, शालिग्राम भिया नहीं होते तो हमको टीवी पर कौन बुलाता?" खरंच आहे. केबल नवी होती, तेव्हा गाणी, नकला, भजनं, गप्पा असा कार्यक्रम इथे कुणी केलाच नव्हता. "आओ भिया" म्हणत अण्णा पडद्यावर आले की गल्ली रिकामी व्हायची. येत्या शनिवारी त्यांची श्रद्धांजली सभा आहे.

परवा तू फोनवर म्हणालीस, "आई, तेरे लिए आऊँगी, उनके लिए नहीं." मी 'बरं' म्हणून फोन ठेवला. आज हे लिहायला बसले.

बारावीला नापास झालीस आणि नेमावरला नदीत उतरलीस. मासेमारांनी तुला ओढून बाहेर काढलं. पुढच्याच रविवारी अण्णा टीव्हीवर बोलले, "हमारी बिटिया रिजल्ट लेकर सीधी नर्मदा मैया के पास गई. बोली, पेपर दोबारा जाँचो." सगळे हसले. तेव्हापासून सत्तावीस वर्षं तू त्यांच्याशी बोलली नाहीस.

उर्वशी, ते वाक्य माझं होतं.

तुला वाटायचं, अण्णांना सगळं आपोआप सुचतं. तू शाळेत गेलीस की मी लिहून द्यायचे. तुझ्याबद्दल गावात कुजबुज सुरू झाली होती. मला वाटलं, एकदा हसले की विसरतील. अण्णांनी कागद परत केला. "सुमंगला, हे नको. पोरगी मरायला निघाली होती."

"म्हणूनच बोला," मी म्हटलं. तुझ्यापेक्षा मला लोकांची पडली होती.

नंतर तुला सांगायला निघाले, तर त्यांनीच अडवलं. "तिला निदान आई तरी राहू दे." मी थांबले, आणि थांबताना मला हायसं वाटलं. तुझा फोन आला की ते समोर बसून माझं बोलणं ऐकायचे. ठेवला की विचारायचे, "बरी आहे ना?"

शनिवारी आलीस, तर त्यांच्यासाठी ये. खाली 'तुझी आई' असं लिहायला हात धजत नाही. ते तू ठरव.

सुमंगला