विहीणबाईंचा पासपोर्ट तयार होता

३ फेब्रुवारी, मंगळवार

दुबईहून पिंकीचा फोन. बीपी वाढलंय, डॉक्टरीण विमानात बसू नको म्हणाली. म्हणजे बाळंतपण तिकडंच. पहिलं बाळंतपण लेकीचं, आणि तिकडं! पहिलं माहेरी असतं, ही रीत काय मी काढली? आतल्या खोलीला रंग दिला, बाज विणून घेतली, डिंक-खारीक आणून ठेवलं. तारीख दहा मार्चची.

म्हटलं, मग मी येते. पिंकी हळूच, "आई, तुझा पासपोर्ट कुठंय? मम्मींचा तयार आहे."

मम्मी म्हणजे तिची सासू. मी आई आणि ती मम्मी. बारामतीच्या आमच्या विहीणबाई. (यापुढं वि.बाई. अख्खं लिहायला जिवावर येतं.) गेल्या वर्षी आठ दिवस लेकाकडं राहून आल्या. उंच इमारतीखाली काळा चष्मा लावून काढलेला फोटो अजून फोनवर लावलेला आहे. जळते मी. लिहून टाकते, इथं कोण बघतंय.

पिंकी लग्नानंतर सांगत होती, आई, पासपोर्ट काढून ठेव. मी म्हणायची, मला कुठं जायचंय, जाऊन जाऊन बारामती.

४ फेब्रु., बुध.

ह्यांच्या मागं गाडीवर बसून इंदापूर. ऑनलाइन फॉर्म भरणारी बाई म्हणाली, तात्काळमध्ये टाका, पण तीन कागद लागतील. आधार, पॅन, रेशनकार्ड दिलं. "मावशी, नाव?" म्हटलं, आधारवरचं घे, अलका. तिनं रेशनकार्ड उघडून बघितलं नाही आणि मला घाई. पोलिसांनी फोन केला तर, म्हणून नंबर ह्यांचा दिला. माझा फोन पिंकीसाठी मोकळा पाहिजे.

सोमवारची वेळ मिळाली. पुण्याला. देव पावला.

९ फेब्रु., सोम.

पुणे. पहाटेची एसटी. खिडकीपलीकडची बाई चांगली होती, पण नजर घारीची. "आधारवर अलका. पॅनवर अलका. रेशनकार्डावर सुमन. सुमन कोण?"

"मीच."

"मग अलका?"

"तीबी मीच, मॅडम. लग्नात नाव बदललं. बाकीचे कागद शाळेच्या दाखल्यावरनं झाले."

हसली. म्हणाली, माझ्या आईचंही असंच आहे. पण हसून काय उपयोग? तात्काळ होणार नाही. साधा अर्ज घेतला, पोलीस चौकशी झाल्यावरच पासपोर्ट.

मी बाहेर आल्यावर हे म्हणाले, "तुला आधी सांगाया काय झालं हुतं?"

"नाव तुमच्या आईनं बदललं, मी न्हाय."

परतीच्या एसटीत मी खिडकीशी बसले, हे मागच्या बाकावर.

१२ फेब्रु.

वि.बाईंचं तिकीट निघालं. वीस तारीख. तिकिटाचा फोटो घरच्या ग्रुपवर टाकला, खाली हात जोडलेले. जावईबापूंनी लिहिलं, "मम्मी येणार, आता टेन्शन नाही." टेन्शन नाही! मी अंगठा पाठवला. दुसरं काय पाठवणार.

कालपासून लाडू वळतेय आणि प्रत्येक लाडू मुठीत आवळतेय. आत्याबाई (सासूबाई) म्हणाल्या, "आगं, लाडू वळतीस का कुणाचा गळा दाबतीस?"

१३ फेब्रु., शुक्र.

बारामतीला जाऊन आले. सगळ्यांना सांगितलं, लाडू द्यायला. खरं म्हणजे त्या काय काय नेतात ते बघायला. एकटीच गेले. हे पानमळ्यात.

चार चाकांची बॅग पलंगावर उघडी. नवे बूट. मला वाटलं होतं, काहीतरी विसरलेल्या असतील. ओवा, बाळंतशेपा, हळीव, सगळं पुड्या बांधून, वर चिठ्ठ्या लावून. माझ्या लाडवांचा डबा हातात घेऊन वजन बघितलं. "ॲक्च्युअली तिकडं सगळं मिळतं हो ताई." दर वाक्याला ॲक्च्युअली.

चहा घेताना मात्र एकदम जवळ सरकल्या. "ताई, बाळाला पायावर घेऊन न्हाऊ कसं घालायचं, दाखवाल? माझी दोन्ही बाळंतपणं माहेरी. आईनंच केलं सगळं. मला हातच लावू दिला नाही."

मी म्हटलं, त्यात काय दाखवायचं, आपोआप येतं.

आपोआप काही येत नाही. मला माझ्या आईनं महिनाभर शिकवलं होतं. पाणी कोपरानं बघायचं, मान कशी धरायची, तोंडावर पाणी येऊ नये म्हणून हाताची पन्हाळ कशी करायची. समोर उशी होती, उशीवर दाखवलं असतं तरी पाच मिनिटांचं काम. नाही दाखवलं. चहा प्यायले आणि उठले.

१६ फेब्रु., सोम.

घात झाला.

ह्यांच्या फोनवर शुक्रवारचे तीन मिसकॉल. फोन घरात चार्जिंगला, हे मळ्यात. नंबर ओळखीचा नाही म्हणून ह्यांनी तीन दिवस उलटा फोनच केला नाही! आज केला. पोलीस. "शुक्रवारी तुमच्या दारात आलो होतो. म्हातारीनं सांगितलं, अलका नावाची बाई इथं राहत नाही."

आत्याबाई दारात बसून शेंगा फोडत होत्या. विचारलं.

"आला हुता की एक पोलीस. अलका हाय का म्हन्ला. म्या म्हन्लं, न्हाय बाबा, आमच्यात अलका कुणी न्हाय. शेजारनीला इचारलं, ती बी न्हाय म्हन्ली."

"आत्याबाई, अलका म्हंजी मीच!"

"तू सुमन. तांदळात नाव लिवलं हुतं ताटात. मीच ठिवलं, मला म्हाईत न्हाय व्हय?"

आता ह्या माऊलीवर काय चिडायचं. चिडलेच तरी. मग माझ्यावर चिडले. शुक्रवारी घरी असते तर? लोकांच्या बॅगेत डोकवायला बारामतीला कोणी बोलावलं होतं?

१७ फेब्रु.

इंदापूर. नशीब, रिपोर्ट अजून पुढं गेला नव्हता. हवालदार म्हणाले, "प्रतिज्ञापत्र करा, अलका आणि सुमन एकच. आणि तुम्हाला अलका म्हणून ओळखणारे दोन साक्षीदार गावातले. सोमवारी येतो."

प्रतिज्ञापत्र तासाभरात झालं. साक्षीदार कुठनं आणू? अठ्ठावीस वर्षं निमगावात. सुमनवैनी, सुमनकाकू, पिंकीची आई. अलका म्हणून हाक मारणारं अख्ख्या गावात कोणी नाही. हे सुद्धा मारत नाहीत. हे तर "अगं" म्हणतात.

२० फेब्रु., शुक्र.

वि.बाई गेल्या. विमानतळावरून फोन, "ताई, येते हं." मी म्हटलं, सांभाळून जा. मनात म्हटलं, विमान चार दिवस उशिरा निघू दे. देवा, असलं मनात आणायला नको होतं. पण आलं.

भाजीत मीठ दोनदा पडलं. हे मुकाट जेवले.

२३ फेब्रु., सोम.

साक्षीदार: शेजारची शोभा आणि पानाचे व्यापारी दगडूतात्या. दोघांना काल बसवून घोकून घेतलं, अलका, अलका. हवालदार आले, बाजेवर बसले, चहा झाला.

"ह्यांना किती वर्षं ओळखता?"

दगडूतात्या, "ह्यास्नी? आमच्या सुमनवैनी... न्हाय न्हाय, अलका! अलकावैनी! सायेब, दोनी एकच हायती. दोनीबी लय बोलत्यात."

शोभा तोंडाला पदर लावून हसत सुटली. मला वाटलं, गेला पासपोर्ट. तेवढ्यात आत्याबाई काठी टेकत पुढं आल्या. "लिवून घ्या सायेब. लेकरू बाळातपनाला वाट बघतंय. नाव म्या बदललं, तिचं काय चुकलं न्हाय. कुठं अंगठा करू?"

अंगठा लागत नव्हता. तरी हवालदारांनी वही पुढं केली. मला भरून आलं. गेल्या सोमवारपासून मी त्यांच्याशी तुसड्यासारखी वागत होते. रात्री पाय चेपून दिले.

रिपोर्ट आजच पाठवतो म्हणाले.

२६ फेब्रु., गुरु.

मुलगी झाली. तारखेच्या आधी. सिझर. दोघी सुखरूप. माझी नात.

पहिला फोटो वि.बाईंच्या हातातला. गुलाबी फडकं, एवढंसं तोंड, आणि वर त्यांचा चेहरा, रडून लाल झालेला. सगळे बाळ बघत होते. मी त्यांचे हात बघत होते. तिथं माझे हात पाहिजे होते.

गावात पेढे वाटले. "आज्जी झालात!" झाले की. फोनवरची आज्जी.

२८ फेब्रु., शनि.

सकाळी वि.बाईंचा व्हिडिओ कॉल. उचलावा की नको असं झालं. उचलला. केस विस्कटलेले, ॲक्च्युअली नाही काही नाही. "ताई, आज दवाखान्यातून घरी आलो. नर्सनं स्पंजनं पुसायला सांगितलंय, पण मला तेवढंही जमेना. मान कशी धरू, कळत नाही. पिंकीला उठता येत नाही. मी त्या दिवशी तुम्हाला विचारलं होतं..."

मला माहीत होतं, काय विचारलं होतं.

फोन पाण्याच्या तांब्याला टेकवायला लावला. म्हटलं, खाली बसा. उशीला पाठ. मान डाव्या हातावर. नाही, तशी नाही, बोटं कानामागं. कापड पिळा अजून. नाळेपाशी हात नका लावू. भिऊ नका, ते रडतं म्हणजे चांगलं आहे. इथं माझे हात हवेतच फिरत होते. आत्याबाई मागनं बघत होत्या, म्हणाल्या, "आगं, तू कुणाला पुसतीस?"

पुसून झाल्यावर पोरगी झोपली. पिंकी पलंगावरून, "आई, मम्मींना रोज असंच सांग." सांगेन म्हटलं. रोज आठ वाजता. पण आज सांगताना पोटात दुखलं, कारण बोलणं माझं आणि ऊब त्यांना.

५ मार्च, गुरु.

पोस्टमन आला. पासपोर्ट! निळा, कोरा करकरीत. ह्यांनी देवापुढं ठेवला, आत्याबाईंनी कुंकू लावायला बोट पुढं केलं, मी ओरडले म्हणून थांबल्या.

लगेच जावईबापूंना फोन. म्हणाले, "आई, व्हिसा दोन-तीन दिवसात होईल. घर एका खोलीचं, तुम्ही येणार त्याच दिवशी मम्मीचं परतीचं काढतो." मी म्हटलं, काढा. दम सुद्धा घेतला नाही. आनंदानं अंगणात दोन फेऱ्या मारल्या. आता बघते म्हटलं, कोण कुणाला आज्जी म्हणतंय.

संध्याकाळी वि.बाईंचा फोन. त्यांना कळलं होतं. "बरं झालं ताई. तुम्हीच पाहिजे होता पहिल्यापासून." मग म्हणाल्या, "फक्त एक. ही माझ्या खांद्यावर घेतली की गप्प होते, दुसऱ्या कुणाकडं राहत नाही. तुमच्याकडं दोन दिवस रडेल. मनावर घेऊ नका." आणि मग आणखी हळू, "की थांबू मी आठवडाभर? खाली जमिनीवर झोपेन. तुम्ही म्हणाल तसं."

मागं पोरगी रडत होती. बोलता बोलता ती गप्प झाली. त्यांनी खांद्यावर घेतली असणार.

मी म्हटलं, घरात विचारून सांगते.

घरात कुणाला विचारणार? हे म्हणाले, तुझं तू बघ. आत्याबाई झोपल्या. व्हिसाचे कागद पाठवून झाले. वि.बाईंना अजून काही सांगितलं नाही.