दुसऱ्या हाताचं रक्त

आर्नो, आईला हॉस्पिटलात नेतेय. सूप गरम करून खा. पायरीवरचा बर्फ काढ, नाहीतर पडशील.

दवाखान्यातून फोन आला. आईच्या रक्तात कातडीवरचा साधा जंतू निघाला होता ना, तो त्याच दिवशी घेतलेल्या दुसऱ्या हाताच्या रक्तातही निघाला. म्हणजे तो तिच्या हृदयात बसवलेल्या झडपेवरच आहे.

पहिल्या हाताचं रक्त घेताना नर्सनं स्पिरिटनं पुसलेल्या जागी परत बोट लावलेलं मी पाहिलं आणि तमाशा केला. म्हणून डॉक्टरांनी तो जंतू नर्सच्या बोटाचा धरून नमुना खराब ठरवला, औषध न देता घरी पाठवलं. चार दिवस तापात गेले.

ॲम्ब्युलन्सवाला तिला बूट घालतोय आणि ती त्याला सांगतेय, "माझ्या पोरीची नजर बघा, नाहीतर उगाच औषधं गिळली असती!"

तू हॉस्पिटलात आलास की खरं काय ते तूच सांग तिला. माझ्या तोंडून निघत नाही.

हिल्का