एकाच कुकरातलं जेवण

मंगळवार, जेवणं उरकल्यावर

आज सगळं एकाच कुकरात शिजवलं. तांदूळ, मूगडाळ, दुधी आणि मूठभर शेवग्याचा पाला. पौष्टिक, आणि घासायला एकच भांडं. सासूबाईंचे गुडघे दुखतात, त्यांना नळापाशी बसावं लागू नये, एवढंच डोक्यात होतं.

खिचडी बघून त्यांनी विचारलं, "कोन आजारी हाय गो?" पण दोनदा वाढून घेतली. मी खूश. लगेच कुकर घासून पालथाही घातला.

तेवढ्यात कुंपणापलीकडून शेजारच्या काकूंची हाक आली, "आज भांडी नाय का गो?" रोज या वेळी त्या त्यांच्या नळावर भांडी घासतात आणि सासूबाई आमच्या. दोघींचं दिवसभराचं बोलणं तिथंच होतं. मला हे रोज ऐकू येतं. मग मी नुसते गुडघेच बघितले का?

सासूबाई उठल्या. मांडणीवरची धुतलेली पातेली काढली आणि बाहेर गेल्या.

अजून घासतायत. मधूनच हसू ऐकू येतंय.

उद्याही खिचडीच करीन. पण चार भांडी मुद्दाम खरकटी करून ठेवीन.