कोपऱ्यातला माग

कुंभकोणम्, ६ जानेवारी २०२५

ती. स्व. स्वामीनाथमामांस,
वाणीचा शि. सा. न. वि. वि. फोनवर तुम्ही मला बोलूच देत नाही, म्हणून कागद घेतला.

तुम्ही माझ्यावर सोपवलेल्या तिरुभुवनमच्या विणकर सोसायटीत तुम्हीच वीस वर्षांपूर्वी आणलेले नॉर्वेचे देणगीदार आता हात आखडता घेतायत. अनुदानाचं हे शेवटचं वर्ष. त्यांचं म्हणणं, यापुढे तुमच्या सोसायटीने आणि श्रीलंकेतल्या जाफन्याच्या विणकर बायकांनी मिळून काम उभं करा, आम्ही प्रवासखर्च देऊन बाजूला होऊ. बेत चांगला आहे. साडीला त्या बायकांचं सुती अंग, आपला रेशमी काठ. जमलं तर आपलं रंगघर चालेल, नाही तर मार्चअखेर कुलूप आणि शेषाद्रीसकट सगळे रंगारी घरी. मला झोप नाही. बायका पोंगलनंतर येतील. त्यांची सरबराई कशी करायची, ते तुम्हीच सांगा.

मामींना नमस्कार. माया पातळ होऊ देऊ नये.
तुमची वाणी

पुणे, ११ जानेवारी

चि. वाणीस अनेक आशीर्वाद.

इथे क्षेम. भाजीवाली माझं तंजावरी मराठी ऐकून विचारते, आजोबा, कुठल्या राजाच्या दरबारातून आलात? तुझी मामी तिच्याच बाजूने हसते.

घाबरू नकोस. दारात तांदळाच्या पिठाचं कोलम, मग शाल, हार, पितळी डवरा-पेल्यातून कॉफी. ती संपली की थेट कोपऱ्यातला मोडका माग दाखव. चांगल्या मागांवर चादरी टाक. रडल्याशिवाय आईही दूध पाजत नाही. साहेब आले की दरवर्षी त्याच मागाने आपल्याला तारलं, म्हणून तर मी तो कधी दुरुस्त करू दिला नाही.

काय झालं ते लगेच कळव. म्हाताऱ्याला विसरू नये.
तुझा मामा

कुंभकोणम्, २३ जानेवारी

ती. स्व. मामांस, शि. सा. न. वि. वि.

तुमच्या सांगण्याबरहुकूम सगळं केलं आणि सगळ्यावर पाणी फिरलं. माग बघून बायकांनी आपल्या पिशव्या उचलल्या. त्यांची पुढारी नित्या. ती शांतपणे म्हणाली, की मोडके माग आमच्याकडे घरोघरी आहेत, समुद्र ओलांडून आणखी एक बघायला आम्ही आलो नाही. सोबत चालेल असं कुणी हवं होतं. आम्ही संध्याकाळच्या गाडीने निघतो, म्हणाली.

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. मग काय अंगात आलं कोण जाणे, एकेक चादर ओढून काढली आणि सांगून टाकलं, की हा माग मोडलेला नाही, मोडका ठेवलेला आहे.

ती रागावणार असंच वाटलं. पण तिने पदर खोचला, मागाखाली पाय सोडायच्या खड्ड्यात उतरली आणि शेषाद्रीकडे दोरी मागितली. जेवणाच्या वेळेपर्यंत माग चालू. आपलं सांबार आंबट म्हणाली, आणि दोनदा घेतलं. संध्याकाळची गाडी त्यांनी आपणहून जाऊ दिली. दुसऱ्या दिवशी करार झाला, त्यांचं सूत रंगायला आपल्याकडे येतंय. पुढच्या खेपेला मी जाफन्याला जायचं, तिथले चांगले माग बघायला.

रागावू नये, पत्राची वाट बघते.
तुमची वाणी

पुणे, २९ जानेवारी

चि. वाणीस अनेक आशीर्वाद.

रंगघर राहिलं, डोळे भरून आले. माग मोडका राहिला नाही याचं जरा वाईटही वाटलं. सवय होती गं.

त्यावरची पहिली साडी मामीसाठी ठेव. भेट म्हणून पाठवलीस तर परत करीन, किंमत कळव. आणि नित्याला माझा आशीर्वाद सांगू नकोस. नमस्कार सांग.

तुझा मामा