सें पिएरला द्यायचा निरोप

शुक्रवार, ८ मार्च १९६३

निकाल लागला. केमिस्ट्रीत घाण केली मी.

बायोलॉजी ठीक, फिजिक्स ठीक. केमिस्ट्रीत मात्र पूर्ण पास नाही, एक पायरी खाली उतरवून पास. शाळेच्या फळ्यावर कागद लावला होता, तीनदा वाचला. माझ्या मैत्रिणीने, गंगाने, पाठीवर हात ठेवला. तिला तिन्ही विषय उत्तम.

घरी आय म्हणाली, "पास तर झालीस ना, चंद्रकला?" बांनी निकालाचा कागद घडी करून खिशात ठेवला आणि चहा न घेता बाहेर गेले.

घरात आम्ही निम्मं बेटावरचं क्रियोल बोलतो, पण ही वही मराठीत. वर्गात गंगा सोडून कुणाला वाचता येणार नाही म्हणून. आज वाटतं, गंगालाही येत नसतं तर बरं.

रविवार, १० मार्च

बा मला डॉक्टर हरिलालांकडे घेऊन गेले. ते स्वतः भारतात शिकून आलेले, तिकडच्या कॉलेजांचं त्यांना सगळं माहीत. त्यांनी कागद पाहिला, चष्मा काढला.

"डॉक्टरीला आपल्या बेटाला तिथे थोड्याच जागा देतात. यंदा मुलगी घेतली तर एक घेतील."

बा म्हणाले, "म्हणजे हिची आशा सोडायची?"

"तसं नाही. हिच्यापेक्षा चांगल्या निकालाच्या किती मुली अर्ज करतात, त्यावर आहे."

बसमध्ये बा खिडकीबाहेर बघत होते. मी मनात मुली मोजत होते.

मंगळवार, १२ मार्च

मोजून झालं. दोघी इंग्लंडला चालल्या, एकीचं लग्न ठरलं, एक नर्सिंगला गेली. माझ्यापुढे एकच उरते — गंगा.

शुक्रवार, १५ मार्च

गंगा शिवणाच्या क्लासला तिच्या गावाहून, सें पिएरहून, इथे फिनिक्सला येते. आज क्लास सोडून थेट आमच्याकडे आली. डोळे सुजलेले.

तिचे वडील, तुलसीरामकाका, अर्जावर सही करत नाहीत. म्हणतात, "आपले लोक जहाजात बसून आले, परत कुणी गेलं का? जो गेला तो गेला. तू एकटी पोर, सहा वर्षं! की पू फेर, काय करू, मन धजत नाही." दुसरं काही बोलतच नाहीत म्हणे. रागावतही नाहीत. नुसते उठून उसात जातात.

"तुझ्या बांना सांग ना," गंगा म्हणाली. "ते घरी येऊन बोलले तर बापू ऐकतील. आपल्या लोकांच्या बैठकीत त्यांचाच शब्द चालतो. एकोणतीसला अर्ज पोर्ट लुईच्या कचेरीत पोचायला हवा."

मी म्हटलं, "सांगते."

बा संध्याकाळी सहाला आले. जेवले, रेडिओ ऐकला. मी भांडी पुसत होते. सांगितलं नाही.

रविवार, १७ मार्च

पाहुणे होते. जमलं नाही.

(खोटं. पाहुणे चारला गेले.)

गुरुवार, २१ मार्च

गंगा बसथांब्यावर भेटली. "बोललीस?"

"बा कामात आहेत. त्यांच्या कचेरीत तपासणी चालू आहे."

तपासणी मागच्या महिन्यात झाली. इतकं पटकन सुचलं की माझं मलाच नवल वाटलं. ती "बरं" म्हणाली आणि पिशवीतून तिची केमिस्ट्रीची वही काढून माझ्या हातात दिली. "मुलाखतीत विचारतील, तू वाचून ठेव," म्हणाली. "मला तर सहीच मिळत नाही, माझ्याकडे पडून काय उपयोग?"

वही घेऊन घरी आले. अक्षर किती नीट आहे तिचं. चौथीत ती सें पिएरहून आमच्या शाळेत आली तेव्हापासून मी तिच्या वहीतून उतरवून घेत आले. परीक्षेत ती शेजारी नव्हती, म्हणून तर हे गुण.

मी काय करते आहे? काहीच करत नाही. तेच तर करते आहे.

शनिवार, २३ मार्च

सांगितलं.

बा अंगणात सायकलला तेल घालत होते. मी एका दमात सगळं सांगितलं. गंगा आठ दिवसांपूर्वी आली होती, मी मुद्दाम थांबले, हेही. मला वाटलं ओरडतील.

ते बराच वेळ चाक फिरवत राहिले. मग म्हणाले, "तिने अर्ज केला तर तुझं काय होईल, कळतं ना?"

"कळतं."

"आणि तरी जाऊ?"

"जा बा. तुम्ही गेला नाहीत तर मी तिकडे जाऊनही नीट शिकू शकणार नाही."

त्यांनी माझ्या डोक्यावर हात ठेवला. हाताला तेल होतं. माझ्या केसांना लागलं, ते तसंच राहू दिलं. आठ दिवसांत पहिल्यांदा पोटभर जेवले.

रविवार, २४ मार्च

बा सकाळच्या बसने सें पिएरला गेले. धुतलेला कोट, छत्री. दुपारी परत आले, बुटांना लाल चिखल.

"नाही म्हणतो तुलसीराम," एवढंच बोलले. कोट खुंटीला लावला आणि पडून राहिले. आय म्हणाली, उन्हाचं लागलं असेल.

खूप वाईट वाटलं. आणि त्याच्या खाली, अगदी तळाशी, सुटल्यासारखं वाटलं. लिहून ठेवते, कारण खरं आहे. पण यात आता माझा दोष नाही.

शुक्रवार, २९ मार्च

माझा अर्ज कचेरीत दिला. कारकुनाने शिक्का मारला. गंगाचा नाही. ती आता शिवणाच्या क्लासलाही येत नाही.

गुरुवार, १८ एप्रिल

मुलाखत. केमिस्ट्रीचं विचारलंच. गंगाच्या वहीत होतं तेच नेमकं.

सोमवार, १३ मे

पत्र आलं. जागा मिळाली. मला!

आय देवापुढे बसून रडली. शेजारचे येऊन गेले. बांनी पत्र वाचलं, पुन्हा वाचलं, माझ्या हातात दिलं आणि परसात गेले. मला वाटलं, आनंद लपवायला गेले.

गंगाला मीच जाऊन सांगणार, दुसऱ्याकडून कळायला नको. रविवारी जाते.

रविवार, १९ मे

सें पिएरला गेले. गंगाने मला घट्ट मिठी मारली, वही परत घेतली नाही. निघताना तुलसीरामकाका बसथांब्यापर्यंत सोडायला आले. वाटेत म्हणाले, "तुझ्या बांनी एकदा येऊन दोन शब्द सांगायला हवे होते गं, मो तिफी, माझ्या पोरी. ते स्वतःची पोर पाठवताहेत हे कळलं असतं, तर मीही सही केली असती. गंगा म्हणाली होती ते येतील, वाट बघितली मी त्यांची."

घरी येऊन बांपुढे उभी राहिले. काही विचारावं लागलं नाही. चेहऱ्यावरूनच कळलं त्यांना.

"गेलो होतो," ते म्हणाले. "फाटकाला हातही लावला. मग तू डोळ्यासमोर आलीस."