आतून काळी नळी

देवास,
१२ नोव्हेंबर १९८७

चि. श्रीपाद यास बाबांचे आशीर्वाद.

इकडे सर्व ठीक. थंडी पडू लागली आहे. शेजारच्या उमाबाई डबा देतात आणि रोज विचारतात, "मुलगा दिवाळीलाही आला नाही का हो?" मी सांगतो, बेंगलोरला स्फोटांवर चालणारं इंजिन करतोय, त्याला कुठली सुट्टी.

इथे बनवून पाठवलेली नळी तू परत केलीस, तिचं खोकं परवा पोचलं. घ्यायला मीच स्टेशनवर गेलो होतो. आतली चिठ्ठी वाचली. नळीत स्फोट झाला की काचेच्या खिडकीतून लेसरचा किरण सोडायचा, वायूबरोबर पळणारे बारीक कण त्यात चमकतात, त्यावरून वेग कळतो. पण भिंतच आरशासारखी, म्हणून तिचीच चमक येते आणि कण दिसत नाहीत. एवढंच. घरचं एक अक्षर नाही.

रविवारी ट्रंक कॉलवर तू म्हणालास, "होतं असं बाबा, चालायचंच." तीस वर्षं कानाने इंजिनं तपासून पोट भरलंय मी. बंद पडायच्या आधी एखादं इंजिन किती गोड चालतं, मला ठाऊक आहे. तीन महिने वाया गेले, गाईड वाट्टेल ते बोलले, हे तू सांगितलं नाहीस. मला ऐकू आलं.

म्हणून लिहितो. ती चूक नव्हती.

तुझ्या ड्रॉइंगवर "आतून काळी" लिहिलेलं मी वाचलं होतं. लेथवर काम करणाऱ्या रघुजीनेही टोकलं, "भिया, छोरे ने तो काली मांगी है, तुम चमका क्यों रहे हो?" मी म्हटलं, "तू अपना काम कर." आपल्या कारखान्यातून आतून चकचकीत केल्याशिवाय नळी बाहेर जात नाही, ही सबब तयारच होती. वाटलं, बिघडली की तू घेऊन येशील. शाळेत असताना उभा राहायचास तसा दोन दिवस लेथपाशी उभा राहशील. तुझी आई असती तर तिने सरळ लिहिलं असतं, ये म्हणून. मला ते जमलं नाही. नळी आली, तू नाही.

काल ती आतून खरखरीत केली, तापवून तेलात बुडवली, तशी काळी पडली. एका टोकातून टॉर्च मारून पाहिला. भिंतीवरून काही परत येत नाही. आज पार्सल करतो. गाईडना सांग, दोष कारागिराचा होता, मुलाचा नाही.

आता इकडे यायला तुला काही कारण उरलं नाही. तरी ये.

फाटकाच्या कडीकडे कान ठेवून असलेला,
बाबा